आधी कर्म, मग क्रियापद

(इंदूरमधल्या एका सायंकाळच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘संपादकातील निवड’. ते वाचून पहिल्या रांगेतल्या काकांनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारलं, कुठल्या पेपरच्या संपादकाची निवड झाली? काका, संपादक म्हणजे टेक्स्ट एडिटर, संगणकावर मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्राम, आणि निवड म्हणजे सिलेक्शन, त्यात मजकुराचा हवा तेवढा तुकडा धरणं. तरी बसा. बाहेर पाऊस आहे आणि सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली लागायला अजून वेळ आहे.

‘निवडणं’ हा आपला शब्द मला फार आवडतो. आई तांदूळ निवडायची तेव्हा आधी ताटात पसरायची, नजर फिरवायची आणि खडा दिसला की मगच तिचं बोट पुढे जायचं. बोट आधी आणि नजर नंतर असं केलंत, तर फरक खिचडीत कळतो. मला तो दिवाळीच्या उचलीच्या यादीत कळला.

नव्वदीतली गोष्ट. मी एका कचेरीत होतो. नाव सांगत नाही, त्यातले चारजण इथेच बसलेत. हिरव्या अक्षरांचं टर्मिनल, माउस नाही, एडिटर व्हीआय. यादीत एका ओळीला एक नाव. बदली होऊन गेलेले बाराजण ओळीनं एकाखाली एक होते, तेवढे काढायचे. व्हीआयमध्ये डीडी दाबलं की ओळ उडते, आधी आकडा दाबला की तेवढ्या ओळी उडतात. म्हणून मी काचेवर बोट ठेवून ओळी मोजायला लागलो. सातवर असताना मागून आवाज, ‘भिया, पोहे मागवू?’ म्हटलं, ‘मागव, सेव जास्त.’ आणि परत मोजायला लागलो. एकूण भरले तेरा. तेरा डीडी. खालच्या ओळी सरकून वर आल्या, पडदा नीटनेटका दिसायला लागला. मग एका आडनावाची वेलांटी चुकली होती, तीही सुधारली.

आणि तेव्हा लक्षात आलं, रात्रीचा चौकीदार यादीत नाही.

यू दाबलं. जुन्या व्हीआयला मागचा एकच बदल मागे घेता येई, म्हणून वेलांटी पुन्हा चुकली. परत यू, वेलांटी पुन्हा बरोबर! बराच वेळ मी त्या वेलांटीला पुढे-मागे नाचवत बसलो. शेवटी नाव हातानं टाइप करायचं ठरवलं, तर आडनाव आठवेना. खाली फाटकाशी जाऊन विचारलं, ‘दादा, तुमचं पूर्ण नाव काय?’ ते म्हणाले, ‘साहेब, सात वर्षं तुम्हाला सलाम ठोकतोय.’

पुढे कितीतरी दिवसांनी कळलं की व्हीआय उडवलेल्या ओळी एक ते नऊ नंबरांच्या कप्प्यांत ठेवतो. मी फाटकाशी माफी मागत होतो तेव्हा ते गृहस्थ एक नंबरच्या कप्प्यात सुखरूप बसलेले होते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुद्दा आत्ता येतोय!

बिल जॉयनं व्हीआय लिहिला 1976 च्या सुमारास, एडीएम-3ए टर्मिनलवर. त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही तीच चार बोटं नाचतात. घरून काम तीनशे बॉडच्या, म्हणजे अगदी गोगलगायीच्या चालीच्या मोडेमवर. पडदा पुन्हा रंगवणं म्हणजे चैन, तिथे निवडलेला मजकूर आधी उजळून दाखवणार कोण? म्हणून व्हीआयची आज्ञा अशी: डी, मग डब्ल्यू. डिलीट वर्ड. क्रियापद आधी, कर्म नंतर. इंग्रजी! आपण ‘खोड शब्द’ म्हणतो का? ‘हा शब्द खोड’ म्हणतो. सराफ्यातसुद्धा आधी भुट्ट्याच्या किसाकडे बोट दाखवतो, मग ‘दे’ म्हणतो.

ब्राम मोलेनारचा व्हिम, म्हणजे व्हीआयचा सुधारित अवतार, 1991 मध्ये लोकांपर्यंत आला, आणि पुढे त्यात व्हिज्युअल मोड आला, म्हणजे आधी उजळून निवडायची सोय. छोटा व्ही अक्षरं उजळतो, मोठा व्ही अख्ख्या ओळी, कंट्रोल-व्ही उभा पट्टा. ओ दाबलं की निवडीच्या दुसऱ्या टोकाला जाता येतं. व्हीआयपी म्हणजे अख्खा परिच्छेद, बडी असामी नव्हे. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरमध्ये आपण ठेवलेली खूण आणि कर्सर यांच्यामधला मजकूर म्हणजे निवड. पण ती आपणहून उजळायला लागली 2009 च्या तेविसाव्या आवृत्तीपासून. तोवर निवड असे, दिसत नसे. काकून आणि हेलिक्स हे नवे एडिटर तर पूर्ण मराठी: आधी डब्ल्यू, शब्द उजळतो, मग डी.

व्हीआयची जुनी रीतच बरी, असं जाणकार म्हणतात: शब्द थेट खोडायचा तर डीआयडब्ल्यू, तीन कळांत होतं, आधी उजळून खोडायचा तर व्हीआयडब्ल्यूडी, चार लागतात. शिवाय टिंब दाबलं की व्हिम मागची आज्ञा पुन्हा करतो, आणि निवडीनंतर ते टिंब शब्द न बघता आधीच्या मापाचाच तुकडा धरतं. खरं आहे. टिंबाचं मला उत्तर नाही. चौथ्या कळेचं आहे, ते फाटकाशी उभं होतं.

मराठीचा घोळ राहिलाच. ‘क्षि’ दिसतं एक, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, त्याचे तुकडे भरतात चार, मग एक अक्षर निवडायचं म्हणजे किती? अध्यक्ष उठले. बरं, एवढंच लिहून घ्या: निवड चुकून सुटली तर जी आणि व्ही दाबा, तीच परत उजळते. काका, हे पेपरवाल्या संपादकांना लागू नाही.