उत्तर पाठवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइलवर कुणीतरी उद्धट काही लिहितं आणि आपली बोटं लगेच उत्तर टाइप करू लागतात. त्या क्षणी छाती धडधडत असते, जबडा आवळलेला असतो, श्वास वरच्या वर चाललेला असतो. अंगात भांडण शिरलेलं असताना मुद्दा सुचत नाही, टोमणे सुचतात. म्हणून आधी शरीराकडे बघा. फोन पालथा ठेवा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं दोन-तीन मिनिटं करा आणि पुढची निदान २० मिनिटं उत्तर देऊ नका.

या २० मिनिटांत एक चूक हमखास होते. माणूस तोच मजकूर पुन्हा पुन्हा उघडून वाचतो, मनात जबाब जुळवत बसतो. मग वेळ जातो, राग जात नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा २००२ सालचा एक प्रयोग आहे. डिवचणाऱ्या माणसाला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक अधिकच चिडले; नुसते बसून राहिलेल्यांचा राग सर्वांत कमी असल्याचं दिसलं. राग बाहेर काढला की मोकळं वाटतं, हा समज सोडून द्यायला हवा. त्या वेळात उठा, हातांना दुसरं काम द्या.

आता मजकुराकडे वळू. माझा सूर आत्ता तुमच्या कानावर पडतो आहे. लिहिलेल्या ओळीला तो नसतो. क्रूगर आणि एप्ली या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की ईमेलमधला उपरोध समोरच्याला कळेलच, अशी लिहिणाऱ्यांची खात्री असते, पण वाचणारे त्यात बरेचदा चुकतात. म्हणजे त्या ओळीत ऐकू येणारी तुच्छता कदाचित आपणच घातलेली असते. ती ओळ एकदा सपाट आवाजात मोठ्यानं वाचा, जणू एखाद्या आवडत्या माणसानं लिहिली आहे. निम्मे वाद इथेच विरतात, असं मला मनापासून वाटतं.

तरीही लिहायचंच असेल, तर उत्तराच्या चौकटीत लिहू नका. चुकून पाठवलं जातं. वेगळ्या नोंदीत लिहा. मग ‘तुम्ही नेहमीच’, ‘तुमच्यासारखे लोक’ अशी वाक्यं खोडा. मुद्द्याबद्दलची ठेवा आणि ज्याचं उत्तर खरोखर ऐकायचं आहे, असा एकच प्रश्न विचारा. अडलात, तर स्वतःला नावानं हाक मारून विचारा, ‘तुला नक्की काय खटकलं?’ स्वतःकडे जरा लांबून पाहता येतं.

धमकी किंवा शिवीगाळ असेल, तर मात्र वाद घालूच नका. स्क्रीनशॉट घ्या, तक्रार करा, ब्लॉक करा.

एरवी दोनदा बोलून झाल्यावर तेच मुद्दे परत येऊ लागले, की एक ओळ पुरे: ‘तुमचं म्हणणं समजलं, पटलं नाही, मी इथे थांबते.’ आणि त्या संभाषणाच्या सूचना तिथल्या तिथे बंद करा, कारण पुढची घंटी वाजली की छाती पुन्हा धडधडू लागते.