पहिली पाळी सातला

नमस्कार श्रोतेहो. सकाळी साडेसहाला नाशिकच्या पपया नर्सरीच्या चौकात उभं राहा; अंबडकडे वळणाऱ्या मोटारसायकली मोजता मोजता थकाल. मला ती गर्दी पाहून बरं वाटतं, कारण हाच रस्ता ओस पडलेला मी पाहिलाय. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातायचं, छोटं वर्कशॉप आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात देशभर गाड्यांचा खप घसरला. ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त घटली. सातपूर-अंबडचं पोट गाड्यांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवर. मोठ्या कारखान्यात काम थांबलं, की आठवड्याभरात आमचं शेड्यूल कोरं. माझ्याकडे नऊ जण होते, दिवाळीपर्यंत पाच उरले. त्या चौघांना ‘उद्यापासून येऊ नका’ हे मीच सांगितलं. ते अजून टोचतं. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि उरलेल्यांतले तिघे गावी गेले, एक सुरगाण्याला, दोघे पेठला.

मंदी येते ती एका झटक्यात. जाताना मात्र पाय ओढत जाते. ऑर्डर आली की मालक आधी आहेत त्यांनाच ओव्हरटाइम देतो. ऑर्डर तीन-चार महिने टिकली, तर दुसरी पाळी. मग ठेकेदाराचे हेल्पर, मग आयटीआयचे शिकाऊ. पर्मनंटचं पत्र सगळ्यात शेवटी, निघालं तर. मीही असंच केलं. आज माझ्याकडे दहा जण आहेत, त्यांतले चार ठेकेदाराकडचे. अंबडलगतच्या चुंचाळ्यात भाड्याच्या खोल्या पुन्हा भरल्यात, गेटांवर ‘ऑपरेटर पाहिजेत’चे बोर्ड लागलेत, हे खरं. पण त्या चौघांना अजून पुढच्या महिन्याची खात्री नाही, हेही तितकंच खरं.

केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत देशाचा बेरोजगारीचा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२२-२३ मध्ये ३.२. म्हणजे टाळेबंदी लागली त्या वर्षीही तो खालीच आला! त्याच वर्षी शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा मात्र ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर गेला. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही या पाहणीत कामावर धरला जातो. सुरगाण्याला गेलेला माझा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर भावाच्या शेतात भात लावत होता. खिशात पैसा नव्हता, पण हिशेबात तो बेरोजगार नव्हता. म्हणून दर उतरल्याचं ऐकलं, की मी विचारतो: पगार किती, आणि किती महिन्यांचा?

तो ऑपरेटर २०२१ च्या दिवाळीनंतर परत आला. आधी काढलेल्या चौघांपैकी दोघांना मी बोलावून घेतलं. उरलेल्या दोघांचे नंबर लागत नाहीत. ते कुठे हे ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी सांगतो: तुमची मशीन चालू आहे, पहिली पाळी सातला लागते.