भोकाचा पैसा आणि दुधीचं फूल

(दृश्य: परसदार. नुकतं उजाडतंय. बादलीत पाणी पडल्याचा आवाज.)

सकाळचे पावणेसहा. एप्रिलचा दुसरा आठवडा. आज आमच्या आळीत पाण्याचा दिवस आहे, त्यामुळे नाना केव्हाचेच उठलेत. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, हातात तांब्या. पाइप घरात आहे, पण तो गाडी धुवायला. पाइपाचं पाणी झाडाला कमी आणि वाटेला जास्त मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

नाना म्हणजे माझे वडील. वय ७७. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमचं घर सासवडला. पुण्याहून दिवेघाट चढून आलं की पुरंदर तालुका लागतो, आणि घाट चढताचढता पाऊस मागे राहतो. अशा गावात एका माणसाला दोन नाद आहेत. उन्हाळ्यात भाजीपाला पिकवायचा आणि जुनी नाणी जमवायची. आई म्हणते, "मला दोन सवती आहेत. एक यांना मातीत लोळवते, दुसरी डब्यात बसून असते."

(दृश्य: भेंडीच्या ओळी. नाना वाकून तोडा करतायत.)

घरामागची जागा अर्धा गुंठाच. त्यात भेंडी, गवार, चवळी, कुंपणावर कारली, मांडवावर दुधी आणि दोडका, आणि मोकळ्या कोपऱ्यात माठाची पालेभाजी. भेंडीचं बी महाशिवरात्रीच्या सुमाराला रात्रभर भिजत घातलं आणि दुसऱ्या दिवशी टोकलं. दोन रोपांत एक वीत. आता तोडा सुरू झालाय, आणि भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. कुणाच्या लग्नाला दोन दिवस जाऊन आलात की ती जून होते, आणि एकदा शेंगेत बी भरायला लागलं की झाड पुढच्या फुलांचा उत्साह दाखवत नाही.

नाना हाताला जुना पायमोजा घालून भेंडी तोडतात, कारण लव टोचते. मंडईत लोक भेंडीचं टोक मोडून कोवळी की जून ते बघतात, त्याचा त्यांना फार राग. "मोडलेली भेंडी मग कोण घेणार?" हा प्रश्न ते आजही अनोळखी माणसाला विचारतात. आम्ही तेवढ्यात जरा पुढे चालू लागतो.

एक झाड पिवळं दिसतंय. पानाच्या शिरा हळद लावल्यासारख्या. हा हळद्या. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. नानांनी झाड उपटलं. त्याला चार शेंगा होत्या, तरी उपटलं.

(दृश्य: मांडवाखाली जमिनीत पुरलेलं मडकं. त्यावर कौलाचा तुकडा.)

वेलांना पाणी तांब्यानं नाही, मडक्यानं. साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर फुटक्या कौलाचं झाकण. पाणी भिंतीतून झिरपत राहतं आणि मुळं पाण्याच्या वासानं मडक्याशी येतात. गेल्या साली हंगाम संपल्यावर एक मडकं उकरून काढलं, तर त्याला मुळांची जाळी अशी घट्ट बसलेली की मडकं लोकरीच्या टोपीत घातल्यासारखं वाटत होतं.

वेलांच्या बुडाशी जे पिवळट आच्छादन दिसतंय, ती रसवंतीवरची चिपाडं. फुकट मिळतात. मात्र आणल्या आणल्या टाकायची नाहीत, दोन दिवस उन्हात वाळवायची. नाहीतर गोडाला मुंग्या लागतात आणि त्या मग मुक्कामालाच राहतात.

टोमॅटो इथे दिसणार नाहीत. पारा ३५च्या वर गेला की टोमॅटोला फुलं येतात नि गळतात. काकडी आहे, पण उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला की ती कडू होते. आई टोक कापून कापावर घासते, फेस काढते. त्यानं कडूपणा जातो की जात नाही, यावर घरात तीस वर्षं वाद चालू आहे.

साडेनऊला बाग बंद. त्यानंतर तिथे उभं राहणारा वेडा, असं सत्याहत्तराव्या वर्षी नाना म्हणतात. सत्तराव्या वर्षी म्हणत नव्हते.

(दृश्य: माजघर. पंखा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. भिंग. लिफाफे.)

दुपार नाण्यांची.

या नादाचं मूळ एका पेपरमिंटात आहे. १ एप्रिल १९५७ला देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आता रुपयाचे शंभर नवे पैसे. एका आण्याला हिशेबानं सव्वासहा नवे पैसे होतात, पण सव्वा पैसा कोण देणार? तक्त्यात एक आणा म्हणजे सहा, आणि चार आणे म्हणजे पंचवीस. नाना तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांच्या ध्यानात आलं की चार आण्यांची पेपरमिंटं एकदम घेतली तर पंचवीस पडतात, आणि एकेक आण्याची चारदा घेतली तर चोवीस. मग ते दुकानात चार फेऱ्या मारत. दुकानदारानं तिसऱ्या दिवशी ओळखलं. पण तो वाचलेला एक नवा पैसा नानांनी खर्च केला नाही. तो या डब्यात आहे.

खरा संग्रह मात्र १९७३चा.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगावा लागत नाही. वाटपातली सुकडी, मिलो नावाची लाल ज्वारी, खडी फोडायची कामं. नाना तेव्हा नोकरीत नवीन होते. त्यांच्या गाडीत दुष्काळी कामावर जाणारी माणसं असायची, तळहाताला फोड आलेली. कुणी तिकिटाचे पैसे पदराच्या गाठीतून सोडून द्यायचं. असंच एकदा एका म्हातारीनं ५० पैशांचं एक कोरं नाणं पुढे केलं. त्यावर छापलं होतं, ‘ग्रो मोअर फूड’. अन्न जास्त पिकवा.

"तिला वाचता येत नव्हतं," नाना सांगतात. "मला येत होतं. मी ते बाकीच्या चिल्लरीत टाकू शकलो नाही. माझे पन्नास पैसे पिशवीत घातले नि ते वेगळं ठेवलं."

(दृश्य: नाणं भिंगाखाली. सालाखालची खूण.)

ते हे. आकडा बघून झाला की सालाखाली बघायचं. बारीकशी चौकट दिसते, पत्त्यातल्या चौकटसारखी. ती मुंबईच्या टांकसाळीची खूण. तारा असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. हे मला कळलं तेव्हा मी आठवडाभर किराणावाल्याची चिल्लर तपासत होते. तुम्हीही आता खिशात हात घालाल, घाला.

त्यानंतर पुण्याच्या जुन्या बाजारात नानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. सुट्टी रविवारी मिळाली नाही तर बुधवार. जमिनीवर पसरलेल्या फडक्यावर कुलपं, अडकित्ते, बिजागऱ्या, आणि त्यात तांब्याची नाणी. तिथून चवल्या, पावल्या, अधेल्या आल्या. म्हणजे दोन, चार आणि आठ आणे. तिथूनच ढब्बूही आला. जुना, तांब्याचा, दोन पैशांचा. आमच्या कुंडीतल्या जाडजूड मिरचीला आपण ढब्बू म्हणतो, तोच शब्द. नानांनी एकदा दोन्ही ढब्बू शेजारी ठेवून फोटो काढला होता. मिरची मग भाजीत गेली.

आणि तिथूनच शिवराई आली.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा महाराजांनी आपली नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. हातानं ठोकलेलं नाणं. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचित मावतात. नानांच्या या शिवराईवर ‘श्री’ अर्धा बाहेर गेलाय, ‘राजा’ पूर्ण आहे.

विकणारे प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली म्हणून विकतात. तसं नसतं. याच नावानं, याच मजकुरानं नाणी पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पडत राहिली. इंग्रज आल्यावरही शिवराई बाजारातून लगेच गेली नाही. आपली नेमकी कधीची, हे नाना छातीठोकपणे सांगत नाहीत. त्यांच्या लिफाफ्यावर फक्त ‘शिवराई, तांबे’ एवढंच आणि काट्यावरचं वजन.

(दृश्य: दुसरा लिफाफा. त्यातून लालसर चकचकीत नाणं.)

ही दुसरी. ही माझ्यामुळे अशी आहे.

मी चौथीत होते. दिवाळीच्या आधी आई तांब्यापितळेची भांडी काढून बसली होती. मला वाटलं, नानांचं काळं पडलेलं नाणंही होऊन जाऊ दे. चिंच लावली, मीठ लावलं, नारळाच्या शेंडीनं घासलं. लखलखीत. संध्याकाळी मोठ्या कौतुकानं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते कडेनं धरलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाले, "छान हो." मग आत गेले.

तांब्यावर वर्षानुवर्षं जो काळपट, हिरवट थर चढतो, तो मळ नसतो. हवेशी, मातीशी संबंध येऊन धातूवर धरलेली ती साय असते आणि खालची अक्षरं तीच सांभाळते. चिंचेचं आम्ल तिच्यासकट अक्षरांच्या कडाही खातं. असं नाणं संग्राहकाच्या लेखी जवळजवळ संपलं. हे मला पुढे दहा वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. लिफाफ्यावर नानांच्या अक्षरात लिहिलंय, ‘शिवराई. चिंचेनं धुतलेली.’ खाली माझं नाव आणि तारीख.

(दृश्य: खड्ड्याची माती. नंतर तळहातावर भोकाचा पैसा.)

एक नाणं मात्र विकत घेतलेलं नाही, खिशातून आलेलंही नाही. सहा वर्षांपूर्वी दुधीसाठी आळं खणताना टिकावाला लागलं. भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ या काळातला. महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून सरकारनं पैशाचं पोटच काढून घेतलं. दिसायला नळाच्या वॉशरसारखा. कुणाच्या करगोट्यातून पडला असेल, की लहान पोराच्या हातून?

गंमत अशी की जमिनीत सापडलेल्या धनाचा १८७८ सालचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत दडलेलं मिळालं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. नाना त्या दिवशी चहा पिता पिता गंभीरपणे विचार करत होते, की हा दहाच्या वर जाईल का.

हसण्यावारी नेऊ नका. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३ हजारांहून अधिक. नाणी नहपान या शक क्षत्रपाची, म्हणजे राजाची, पण त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाचं नाणं वितळवत बसला नाही. त्याच्याच तोंडावर आपली खूण ठोकली नि बाजारात सोडलं. सातवाहनांनी नहपानाला हरवलं याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. नाना तिथे दोनदा जाऊन आलेत, दोन्ही वेळा डबा घेऊन.

(फोन वाजतो.)

हा फोन महिन्यातून एकदा येतोच. तुमच्याकडे कमळाचं वीस पैशांचं नाणं आहे का? चार लाख मिळतील, आधी फक्त नोंदणीचे अडीच हजार भरा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, कुणालाही पैसे भरू नका. तरी माणसं भरतात. चुंबकासारखे तांदूळ ओढून घेणाऱ्या नाण्याची थाप तर त्याहून जुनी. नाना फोनवर शांतपणे म्हणतात, "अडीच हजार त्या चार लाखांतून कापून घ्या ना." फोन बंद होतो.

(दृश्य: संध्याकाळ. मांडव. पांढरी फुलं उमलतायत.)

साडेसहा. दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतं. पांढरं, पातळ, चुरगळलेल्या मलमलीसारखं. मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात, काम रात्रीच्या पतंगांवर. आणि उन्हाळ्यात वेलाला नरफुलंच फार येतात. मादीफूल ओळखणं सोपं, देठाशी बोटभर लव असलेली दुधी आधीच बसलेली असते.

नानांनी एक नरफूल तोडलं. पाकळ्या सोलल्या. मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या तोंडाशी हळूच फिरवला, दोनदा, तीनदा. हात जरा थरथरतो आता, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरलंय.

या वेलाची एक दुधी ते बियाण्याला ठेवणार. मग दुसऱ्या वेलाचा पराग यात यायला नको. त्यांनी खिशातून एक मोठा लिफाफा काढला, फुलावर अलगद चढवला, तोंड दोऱ्यानं बांधलं. लिफाफा जुना आहे. त्यावर पेन्सिलनं लिहिलेलं अजून वाचता येतं, ‘५० पैसे, १९७३, मुंबई’. त्यावर आडवी रेघ. खाली आता लिहितायत, ‘दुधी’, आणि आजची तारीख.

"अगं, तो दिवा बंद कर," नाना म्हणतात. "सगळे पतंग तुझ्याकडेच येतायत. बाकीच्या फुलांनी काय करायचं?"

(दिवा बंद होतो. अंधार. रातकिडे.)