अ‍ॅलर्जी ओळखायची कशी?

नमस्कार श्रोतेहो.

मूल सारखं नाक चोळायला लागलं की घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "जंत झालेत याला." मग जंताचं औषध होतं, पण नाक चोळणं काही थांबत नाही. अशा मुलाच्या नाकाकडे एकदा उजेडात बघा. तळव्यानं नाकाचा शेंडा खालून वर ढकलायची सवय लागलेली असते आणि त्यामुळे नाकावर एक बारीक आडवी रेघ उमटलेली असते. डोळ्यांखाली काळसर झाक, तोंड उघडं टाकून झोपणं, सकाळी उठल्याबरोबर एकापाठोपाठ एक शिंका. ही चिन्हं जंतांची नव्हेत. मूल बहुधा अ‍ॅलर्जीनं बेजार झालेलं असतं.

साधी सर्दी आणि ही सर्दी यांत फरक करणं तसं सोपं आहे. साध्या सर्दीत घसा दुखतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते, आणि आठ-दहा दिवसांत गाडी रुळावर येते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. नाक पाण्यासारखं वाहतं, आणि नाकाला, डोळ्यांना, टाळूलाही खाज सुटते. ती आठवडेच्या आठवडे चालते, किंवा ठरावीक वेळी, ठरावीक जागी येते. माळ्यावरच्या गाद्या, गोधड्या खाली काढल्या की शिंका सुरू आणि बाहेर पडलं की बंद, असं होत असेल तर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांवर संशय घ्यायला हरकत नाही. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कणांवर ते जगतात, आणि दमट हवा त्यांना मानवते. पावसाळ्यानंतर अंथरुणं झटकताना त्रास वाढतो तो यामुळेच. त्यात रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत घरघर, जिना चढताना दम लागणं असं काही असेल, तर मामला नाकापुरता राहिलेला नाही. दमा आहे का, हे तपासून घ्यायला हवं.

आता त्वचेकडे वळतो. इथं घड्याळ फार उपयोगी पडतं. कोळंबी खाल्ली आणि काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, तर कोळंबीचं वावडं असण्याची शक्यता मोठी. आपण याला अंगावर पित्त उठणं म्हणतो आणि आमसुलाचं पाणी चोळतो. या गांध्यांची एक खूण अशी की एक गांधी एकाच जागी चोवीस तासांहून जास्त सहसा राहत नाही. इथली मावळते, दुसरीकडे नवी उठते. पण दर वेळी खाण्यालाच दोष देऊ नका. लहान मुलांना साध्या विषाणूच्या तापातही अशा गांध्या येतात. आणि दीड महिन्याहून अधिक काळ रोज पित्त उठत असेल तर बहुतेकदा बाहेरचा कुठलाच पदार्थ सापडत नाही. अशी माणसं आधी वांगी सोडतात, मग दही, मग डाळ, आणि शेवटी मऊ भातावर येतात. पित्त मात्र उठतच राहतं. वाईट वाटतं त्यांच्याकडे बघून.

दुसऱ्या प्रकारची अ‍ॅलर्जी सावकाश येते. लागल्यानंतर एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. बिब्बा उतणं हे त्याचं आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण. टाचेच्या भेगांना किंवा दुखऱ्या गुडघ्याला बिब्बा लावतात आणि पुढच्या दिवसांत तिथं फोड, पाणी, आग आणि खाज. आंबा आणि काजू ही बिब्ब्याचीच भावंडं, एकाच कुळातली. म्हणून मे महिन्यात कुणाच्या ओठांच्या कोपऱ्यांना पुरळ आलं की "आंबा उष्ण पडला" म्हणण्याआधी विचारावं, देठाचा चीक लागला होता का? साल दातांनी सोलली होती का? यातल्या पुष्कळांना चीक नीट धुऊन, साल काढून चिरलेला आंबा बाधत नाही. काजूच्या टरफलातल्या तेलानं कामगारांचे हात असेच भाजल्यासारखे होतात.

अशा वेळी पुरळ कुठं आलंय, त्यावरून कारणाचा माग निघतो. कानाच्या पाळ्या, गळ्याभोवतीची रेघ, पँटच्या बटणाखाली बेंबीजवळचा डाग, अशा ठिकाणी निकेल हा धातू शोधावा. नकली दागिन्यांत तो सर्रास असतो. केसांच्या कडेनं, कानामागे खाज आणि सूज असेल तर केसांचा कलप. लग्नात काढतात त्या झटपट काळ्या मेंदीतही बऱ्याचदा हेच कलपातलं रसायन मिसळलेलं असतं.

आणि आता गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. १९५६ साली पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात. आज बांध, रस्त्याची कड, रिकामा प्लॉट, कुठंही बघा. शेतात राबणाऱ्या माणसाचा चेहरा लाल, जाड, खरखरीत झाला की "ऊन बाधलं" म्हणून विषय संपतो. पण उन्हाचा त्रास असेल तर पापण्यांवर, हनुवटीखाली, कानामागे कातडी बरीचशी वाचलेली दिसते, कारण तिथं सावली असते. गाजरगवताचे हवेत उडणारे कण नेमके तिथंच जाऊन बसतात. पापण्या, मानेच्या घड्या, कोपराची लवण अशा सांदीकोपऱ्यांत खाज जास्त असेल तर गवतावर संशय घ्या. वाळलेलं गवतसुद्धा बाधतं, त्यामुळे उपटून बांधावर टाकलं म्हणजे सुटलो असं नाही. शेवंती आणि सूर्यफूलही याच कुळातली, अशा रुग्णाला कधी कधी तीही सोसत नाहीत.

श्रोतेहो, एक गोष्ट मात्र घाईची आहे. शेंगदाणे, मासे, औषधाचं इंजेक्शन, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा डंख, यांपैकी कशानंतरही थोड्याच वेळात आवाज बसला, घसा आवळल्यासारखा झाला, धाप लागली, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा भोवळ आली, तर ती जीवघेणी अ‍ॅलर्जी असू शकते. अंगावर गांध्या उठतीलच असं नाही, त्यांची वाट बघू नका. १०८ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंचावर ठेवा. धाप जास्त असेल तर बसू द्या, पण उठवून चालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. यावर खरं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन. सेटिरिझिनच्या गोळीनं खाज कमी होईल, बंद होणारा श्वास नाही उघडणार. बरं वाटलं तरी लगेच घरी निघू नका, काही तासांनी झटका परत येऊ शकतो. शेंगदाण्याचं वावडं असणाऱ्यांना आपल्याकडे विशेष जपावं लागतं. आपलं कूट खिचडीत असतं, कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, आणि शिजल्यावर ते दिसत नाही. पाहुणे म्हणून गेलात तर संकोच न करता विचारा.

शेवटी तपासण्यांबद्दल. रक्त देऊन शंभर पदार्थांची यादी मागवण्याची टूम निघाली आहे. मला ती पटत नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे त्या पदार्थानं त्रास होतोच असं नसतं, बरीच माणसं तोच पदार्थ मजेत खात असतात. त्यापेक्षा पंधरा दिवस एका वहीत लिहा: त्रास कधी झाला, त्याआधी काय खाल्लं, कुठं होतात, अंगाला काय लावलं होतं. गांध्या उठल्या की मोबाइलवर फोटो काढा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या मावळलेल्या असतात. त्वचेवर थेंब ठेवून करायच्या तपासणीला जायचं ठरलं, तर अ‍ॅलर्जीच्या आणि सर्दीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल फसवा येतो. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

नमस्कार.