बंधाऱ्यावरून मुक्काम ठरवा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली, ऊसतोडीच्या टोळ्या रानात उतरल्या, की आपल्या कोल्हापूरकडच्या तरुण मंडळींच्यात एक बेत शिजायला लागतो. रबरी बोट घ्यायची, गळ घ्यायचे, चार दिवस नदीतनं खाली यायचं, रात्री काठावर तंबू ठोकायचा आणि धरलेल्या माशाचं कालवण करायचं. बेत फार चांगला आहे. तो नीट पार पडावा म्हणून आज बोलतोय.

पहिली गोष्ट ही, की पावसाळा सोडला तर आपली नदी तुम्हाला वाहून नेत नाही. पाऊस ओसरला की पाटबंधारे खातं बंधाऱ्यांच्या मोऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतं, आणि पुढचा पाऊस यायच्या आत ते काढून घेतं. मधल्या सात-आठ महिन्यांत नदी म्हणजे एक जिना असतो. एका बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे त्याच्यामागं अडलेलं पाणी, मग बंधारा, खाली दुसऱ्याचा फुगवटा. पाणी जवळजवळ उभं असतं. ज्या पद्धतीच्या बंधाऱ्याला सगळ्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचा म्हणतात, तसले बंधारे आपल्या नद्यांवर ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांच्यावरच आपली शेती उभी आहे. पण बोट घेऊन निघणाऱ्यानं मुक्काम दिवसांवरून मोजू नयेत, बंधाऱ्यांवरून मोजावेत. आज किती किलोमीटर, हा प्रश्न दुय्यम. आज कुठला बंधारा ओलांडायचा, हे आधी ठरवा.

माझं मत विचाराल तर भोगावती नदी निवडा. राशिवड्यापाशी बोट पाण्यात टाकायची, हळदी, कोगे, बालिंग्याचा पूल असं करत प्रयाग चिखलीच्या संगमावर, जिथून पंचगंगा सुरू होते, बाहेर यायचं. तीन रात्री, चार दिवस धरा. संथ पाण्यात सामान भरलेली बोट वल्हवत तासाला दोन-तीन किलोमीटरच्या पुढं जात नाही, आणि समोरून वारं सुटलं तर तेवढीही जात नाही. राधानगरी रस्ता बराचसा नदीच्या बाजूबाजूनं जातो, ही या वाटेची मोठी सोय. एकानं गाडी घेऊन पुढच्या बंधाऱ्यावर थांबायचं. जड सामान गाडीत, बोटीत फक्त माणसं, गळ, पाणी आणि दुपारची भाकरी.

प्रयागच्या पुढं पंचगंगेत जाऊ नका, हे मनापासून सांगतो. पुढं कोल्हापूर शहराचं सांडपाणी मिळतं, खाली रुई, तेरवाडपर्यंत जावं तसं उन्हाळ्यात जलपर्णी दाटते, आणि मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. त्या पाण्यातला मासा घरी आणून पोरांच्या ताटात वाढू नये. पंचगंगा स्वच्छ व्हावी म्हणून आपण सगळ्यांनी भांडलं पाहिजे, पण तोवर तिथला मासा खाऊ नये. आणखी खाली, कृष्णेच्या पात्रात, सांगली-शिरोळच्या बाजूला मगरी आहेत. तिथं काठावर तंबू ही कल्पनाच सोडून द्या.

आता बंधारा ओलांडायचा कसा, ते जरा सावकाश सांगतो, कारण जिवाचा धोका सगळ्यात जास्त तिथंच आहे. वरच्या अंगानं येताना बंधारा दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. पाण्याच्या पातळीला एक काळी रेघ, वरून एखादी मोटरसायकल जाते तेव्हा कळतं की हा बंधारा. पाणी गप्प दिसतं. पण बरग्यांच्या फटींतून ते आत ओढलं जात असतं, आणि एखादा बरगा काढलेला असेल तर त्या मोरीकडं सगळा फुगवटा खेचतो. बोट आडवी होऊन खांबाला चिकटली की दोन माणसांना ती सुटत नाही. म्हणून शंभर-दीडशे मीटर अलीकडंच काठाला लागायचं, सगळ्यांनी उतरायचं, बोट उचलून काठानं न्यायची. बरग्यांवरून पाण्याची पातळ चादर पडताना बघायला फार देखणी असते. तिच्या पायथ्याशी फेस होतो ना पांढरा, तिथं पाणी जागच्या जागी फिरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येऊ देत नाही. बंधाऱ्याच्या लगेच खाली बोट टाकायची नाही. फेस संपून पाणी पुन्हा स्वच्छ दिसायला लागेल तिथं टाकायची. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बांधलेलं. आपल्याकडं सगळ्यांना पोहता येतं, पुरात उड्या टाकणारी पोरं आपण बघतो, म्हणूनच हे जास्त आवर्जून सांगावं लागतं.

दुसरा धोका विजेचा. काठाला ठिकठिकाणी शेतीच्या मोटारी आहेत. पाण्यात सोडलेले पाइप, फूटव्हॉल्व्ह बांधलेले दोर, कुठं कुठं जोड दिलेली केबल. शेतीची लाइट पाळीपाळीनं येते, त्यामुळं दुपारी बंद असलेली मोटार रात्री चालू होते. पाण्यात दिसेल त्या वायरीला, दोराला हात लावायचा नाही, आणि मोटारीच्या आसपास पोहायला उतरायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याच्या शाखेत जाऊन दोन गोष्टी विचारा. धरणातून पाणी सोडलंय का, आणि कुठले बरगे काढणार आहेत का. राधानगरी धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटलं की संथ नदीला एका रात्रीत ओढ येते, काठालगत लावलेला तंबू ओला होतो, आणि बंधाऱ्यांवरून जास्त पाणी पडतं. जून ते सप्टेंबर तर हा विषयच नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांला गेलं की इशारा आणि ४३ फुटांला धोका, हे आकडे आपल्याकडच्या पोरांनासुद्धा पाठ आहेत. डिसेंबर-जानेवारी उत्तम. थंडी कडक असते, सकाळी नदीवर धुकं असतं, ते विरळ झाल्याशिवाय बोट सोडू नका.

माशाचं बोलू. नदीचे बरेच पट्टे मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतात. गावात संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी घ्या, त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसा. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि कुठल्या डोहात काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. चिलापी गांडुळाला लगेच येते, नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी. रोहू, कटल्याला कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळी लावा आणि धीर धरा. मरळ हवा घ्यायला वर येते. काठच्या गवताजवळ पाणी हललं, एक बुडबुडा सुटला, की ती तिथं आहे असं समजायचं आणि सावली पाण्यावर पडू न देता बसायचं. पण मरळीची जोडी आपली पिल्लं राखते. तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यात दिसला तर गळ उचला, त्या जागी टाकू नका. आईबाप गेले की दुसरे मासे तो पुंजका तासाभरात खाऊन टाकतात. वीतभर किंवा त्याहून लहान कुठलाही मासा परत सोडा. आणि जिलेटीन किंवा करंट लावून मासे मारणारे कुणी दिसले तर गप्प बसू नका, पोलीस पाटलाला सांगा. स्फोट करून किंवा विष घालून मासे मारायला कायद्यानंच बंदी आहे. अशा एका बारानं सगळा डोह मरतो, अंड्या-पिल्लांसकट.

मुक्काम मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, करावा लागतो, आणि मळी कुणाच्या तरी मालकीची असते. उजेड असतानाच मालकाला विचारा. नाही कुणी म्हणत नाही, उलट गुऱ्हाळ चालू असेल तर रस पाजल्याशिवाय सोडत नाहीत. तंबू उभ्या उसाला लागून मात्र ठोकू नका. उसात उंदीर असतात, उंदरामागं घोणस येते. पंधरा-वीस पावलं मोकळी जागा ठेवा, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकून घाला. जवळ पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पडलं असेल तर चूल पेटवूच नका, स्टोव्ह वापरा. उभा ऊस पेटला तर एका कुटुंबाचं वर्ष जातं.

पिण्याचं पाणी घरून किंवा गावातल्या नळाचं. नदीचं पाणी उकळलं म्हणून त्यातली शेतातली औषधं जात नाहीत. बाकी जेवणाला फार काही लागत नाही. कडक भाकरी, कांदा-लसूण चटणी, गूळ, शेंगदाणे, तेलाची लहान बाटली. चिलापी सोलून चटणी-मीठ चोळून तव्यावर टाकली की झालं. घाण मात्र काठावर सोडू नका, पिशवीत भरून गाडीत टाका. हेच पाणी खाली बालिंग्याला शहरासाठी उचललं जातं.

पहिल्यांदाच निघणार असाल तर चार दिवसांचा हट्ट धरू नका. हळदीच्या बंधाऱ्याखाली बोट टाका, एक रात्र काढा, दुसऱ्या दिवशी कोग्याला बाहेर या. बोट उचलून एक बंधारा स्वतः ओलांडला की पुढचं नियोजन तुमचं तुम्हीच कराल. डिसेंबरातला एखादा शनिवार-रविवार बघा, आणि शुक्रवारी पाटबंधाऱ्याच्या शाखेत जाऊन यायला विसरू नका.

नमस्कार.