रुपयातले चार आणे : विश्वातील हेलियमचा हिशेब

अणूंनी बनलेले विश्वातले सगळे द्रव्य तराजूत घातले, तर त्यातला साधारण पाऊण भाग हायड्रोजनचा आणि पाव भाग हेलियमचा भरेल. ऑक्सिजन, कार्बन, लोखंड, सोने या बाकीच्या साऱ्या मंडळींची बेरीज एक-दोन टक्क्यांपुढे जात नाही. आज मला बोलायचे आहे ते या पाव भागाबद्दल. तारे हायड्रोजनपासून हेलियम बनवतात हे आपण शाळेतच शिकतो, आणि म्हणून विश्वातले हेलियम ताऱ्यांनीच बनवले असणार असे आपण गृहीत धरतो. त्यातले बहुतेक हेलियम पहिला तारा पेटण्याच्या कितीतरी आधीचे आहे, असे आज आपण म्हणतो. ते कशाच्या आधारावर, हा माझा विषय आहे.

महाराष्ट्रात हेलियमचे नाव निघाले की विजयदुर्गाचा उल्लेख होतोच. 1868 मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी या किल्ल्यावरूनच हेलियम शोधले असे सांगितले जाते, म्हणून ती गोष्ट आधी निकालात काढतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन गुंटूरला होते आणि नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या तप्त वायूच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यात, त्यांना पिवळी रेषा दिसली. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तीच रेषा पाहिली आणि ती सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारची असली तरी त्यांच्यापैकी नाही, हे ओळखले. हीच हेलियमची रेषा. लॉकियर विजयदुर्गावर आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तोवर विल्यम रॅम्झी यांनी 1895 मध्ये युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम पृथ्वीवरच हस्तगत केले होते. किल्ल्यावरचे ओटे दाखवताना सांगणाऱ्याचे साल तेवढे तीस वर्षे मागे जाते, इतकेच.

त्यानंतरही हे मूलद्रव्य विश्वात किती आहे, याचा अंदाज कोणाला नव्हता. हेलियमच्या इलेक्ट्रॉनला पहिली पायरी चढायलाच फार ऊर्जा लागते, त्यामुळे सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात दृश्य प्रकाशात त्याची रेषा जवळपास दिसतच नाही. एखाद्या मूलद्रव्याची रेषा किती ठळक आहे यावरून त्याचे प्रमाण ठरवता येत नाही, तापमानाचा हिशेब आधी करावा लागतो. तो करण्याचे साधन मेघनाद साहांनी 1920 मध्ये दिले, आणि सेसिलिया पेन यांनी ते वापरून 1925 च्या आपल्या प्रबंधात दाखवले की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन आणि हेलियम इतरांपेक्षा प्रचंड प्रमाणात आहेत. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या ज्येष्ठांना ते पटेना, म्हणून ‘हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरे नाही’ अशी पुस्ती पेन यांना जोडावी लागली. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले.

आता ताऱ्यांचा हिशेब पाहू. सूर्य दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो. ऐकायला हा आकडा भयंकर वाटतो, पण 460 कोटी वर्षे हा उद्योग चालवूनही त्याने आपल्या वस्तुमानाचा जेमतेम चार टक्के भाग बदलला आहे, आणि तोही त्याच्या गाभ्यातच अडकून पडला आहे. याहून बोलका पुरावा छोट्या निळ्या दीर्घिकांमध्ये मिळतो. आय झ्विकी 18 नावाच्या दीर्घिकेत ऑक्सिजनचे प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या काही टक्केच आहे. म्हणजे ताऱ्यांनी तिथे अजून फारसे काम केलेलेच नाही. तिथल्या तप्त वायूतले हेलियम मोजताना 1868 मध्ये दिसलेली तीच पिवळी रेषा उपयोगी पडते, आणि उत्तर पुन्हा पाव भागाच्या आसपासच येते. अशा अनेक दीर्घिकांचे आकडे मांडून ऑक्सिजन शून्य असता तर काय, असे विचारले की हेलियम साडेचोवीस टक्क्यांजवळ येऊन थांबते. शून्याकडे जात नाही.

हा उरलेला साठा कुठून आला? महास्फोटानंतर साधारण एका सेकंदाने तापमान 1000 कोटी केल्विनच्या घरात होते. तोवर न्यूट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांत सहज बदलत होते. विश्व प्रसरण पावत थंड झाले तशी ही अदलाबदल थांबली आणि एका न्यूट्रॉनमागे सहा प्रोटॉन असे प्रमाण गोठले. मोकळा न्यूट्रॉन मात्र टिकत नाही, त्याचे सरासरी आयुष्य 880 सेकंदांच्या आसपास असते. त्यांना लगेच बांधून घ्यावे तर पहिली पायरी ड्युटेरियमची, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या जोडीची, आणि ही जोडी फार नाजूक. त्या काळी दर कणामागे दीडशे कोटींहून अधिक प्रकाशकण होते, आणि त्यांतले मूठभर जोरकस कण ती जोडी जुळताक्षणीच फोडत होते. तापमान 100 कोटी केल्विनच्या खाली येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन मिनिटे, थांबावे लागले. तेवढ्या वेळात काही न्यूट्रॉन गेले आणि प्रमाण एकास सात झाले. मग सोळा कण घ्या, दोन न्यूट्रॉन आणि चौदा प्रोटॉन. दोन्ही न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांना घेऊन हेलियमचे एक अणुकेंद्र बनवतात, बारा प्रोटॉन हायड्रोजन म्हणून उरतात. जुन्या रुपयाचे सोळा आणे, त्यांतले चार आणे हेलियम.

हा आकडा किती काटेकोर आहे पाहा. न्यूट्रिनो नावाच्या अतिशय हलक्या कणांचे प्रकार जास्त असते, तर विश्व अधिक वेगाने प्रसरण पावले असते, न्यूट्रॉन अधिक उरले असते आणि हेलियमही वाढले असते. 1977 मध्ये एवढ्यावरून न्यूट्रिनोंच्या प्रकारांना मर्यादा घातली गेली, आणि 1989 मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या त्वरकावर ते तीनच ठरले. आकाशातल्या वायूच्या मोजमापाने कणभौतिकीला आधीच अट घालावी, असे फार थोड्या वेळा घडले आहे.

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांना महास्फोट अमान्य होता, तरीही एवढे हेलियम साध्या ताऱ्यांतून येणे शक्य नाही, हे 1964 मध्ये रॉजर टेलर यांच्याबरोबर लिहिणारे तेच होते. त्यांचे शिष्य आणि सहकारी जयंत नारळीकर हे नाव आपल्या परिचयाचे आहे. हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी पुढे पर्यायी विश्वरचना मांडली आणि एक विचारात पाडणारा योगायोग पुढे केला: सगळे हेलियम ताऱ्यांत झाले असे मानले, तर त्यातून सुटणारी ऊर्जा आजच्या पार्श्वभूमी प्रारणाच्या, म्हणजे आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींच्या, ऊर्जेइतकीच भरते. योगायोग खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरी माझ्या मते या वादात निर्णायक साक्ष ड्युटेरियमची आहे. दहा लाख अंशांच्या आसपासच ते जळून जाते, त्यामुळे तारे त्याचा फक्त नाश करतात. तरीही दूरच्या क्वेसारांच्या, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या, प्रकाशात, वाटेतल्या जुन्या वायुमेघांनी उमटवलेल्या रेषांमध्ये, ते दर लाख हायड्रोजन अणूंमागे अडीचच्या प्रमाणात सापडते. त्यावरून काढलेली अणुद्रव्याची घनता, विश्वातल्या एकूण ऊर्जेच्या सुमारे पाच टक्के, पार्श्वभूमी प्रारणातून स्वतंत्रपणे काढलेल्या घनतेशी जुळते.

पाच आणि आठ कणांचे टिकाऊ अणुकेंद्र निसर्गात नाही, त्यामुळे आरंभीची ही घडण हेलियमपाशी जवळजवळ थांबली. कार्बनसाठी ताऱ्यांची वाट पाहावी लागली. बेरिलियम आणि बोरॉन मुख्यत्वे विश्वकिरणांच्या टकरींतून झाले.

अडचण लिथियमची आहे. आपल्या दीर्घिकेतल्या अतिवृद्ध ताऱ्यांच्या पृष्ठभागावर ते सगळीकडे जवळपास सारखेच आढळते, हे मोनिक आणि फ्रांस्वा स्पित यांनी 1982 मध्ये दाखवले. पण गणितातून येते त्याच्या ते एक-तृतीयांशच आहे. त्यातले बरेचसे लिथियम आधी बेरिलियम-7 म्हणून तयार झाले, म्हणून त्या बेरिलियमला न्यूट्रॉन अधिक वेगाने संपवत असतील का, हे सर्नमध्ये मोजून पाहिले गेले, आणि तफावत भरून निघेल इतका वेग आढळला नाही. त्यामुळे अनेकांचा संशय आता ताऱ्यांवरच आहे: हजार कोटींहून अधिक वर्षांत लिथियम पृष्ठभागावरून हळूहळू खाली बसले आणि खोलवरच्या उष्णतेत जळाले असावे. पण वेगवेगळ्या तापमानांच्या ताऱ्यांत ते इतके सारखे कसे राहिले, याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून कोणाला देता आलेले नाही.