इकॉनॉमिक्सच्या तिसऱ्या वर्षात प्रीमेड

नमस्कार मंडळी. आज मला बोलायचंय ते कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या आपल्या इथल्या मुलांशी, आणि त्यांच्या आईबाबांशीपण, कारण आमच्या घरी जास्त समजवावं लागलं ते बाबांनाच.

मी न्यू जर्सीत वाढले. इकॉनॉमिक्स करत होते, तीन सेमिस्टर उरली होती, आणि एका रविवारी जेवताना सांगून टाकलं की मला मेडिकलला जायचंय. बाबा म्हणाले, "अगं, हे बारावीला ठरवायचं असतं." बाबा नाशिकचे, त्यांच्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं, बारावी, एन्ट्रन्स, साडेपाच वर्षं एमबीबीएस, आणि ती गाडी चुकली की चुकली. पण इथे तसं नाहीच. इथे प्रीमेड, म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, अशा नावाची डिग्री नसते. ग्रॅज्युएशन कशातही करा, इतिहासात करा, संगीतात करा, मेडिकल स्कूलला हवे असतात काही ठरावीक कोर्सेस, म्हणजे साधारणपणे लॅबसकट एकेक वर्ष बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स, वर बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री, आणि मग एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. मेडिकलची चार वर्षं त्याच्या पुढची, आणि रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या स्पेशालिटी ट्रेनिंगची, तीन ते सात त्याच्याही पुढची. एवढ्या लांबच्या वाटेवर एकविसाव्या वर्षी उशीर झाला असं मला तरी वाटत नाही.

मला हे सुचलं कुठून, तर मी एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत व्हॉलंटियर होते, काम काय तर ब्लँकेटं द्यायची, पाणी द्यायचं, व्हीलचेअर ढकलायची. एकदा एक आजी आल्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, मुलगा गाडी पार्क करायला गेलेला. स्क्रीनवर हिंदीची इंटरप्रिटर लावली होती. आजी सारखं म्हणत होत्या, "जीव घाबरा होतोय गं." इंटरप्रिटरने सांगितलं, पेशंट घाबरलीये. सगळे त्यांना धीर द्यायला लागले. आता आपल्याला माहितीये ना, जीव घाबरा होतोय म्हणजे भीती नाही वाटत, आत काहीतरी बिनसलंय, श्वास पुरत नाहीये. व्हॉलंटियरने दुभाषाचं काम करायचं नाही हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे, म्हणून मी नर्सला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की ह्या भीतीबद्दल बोलत नाहीयेत, मराठीचा इंटरप्रिटर मागवा. नर्सने लगेच बोटाला ऑक्सिजनचं क्लिप लावलं, ईसीजी काढायला सांगितला. पुढे आजींचं काय झालं मला कळलं नाही, व्हॉलंटियरला ते कळत नाही. पण त्या रात्री घरी येऊन मी स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक उघडलं आणि एक ओळ डोक्यात शिरली नाही.

आणि मग मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. उशीर झालाय असं सगळ्यांनी इतकं म्हटलं की मी घाई केली, इकॉनॉमिक्सचे कोर्सेस चालू असतानाच ऑरगॅनिक आणि फिजिक्स दोन्ही एका सेमिस्टरला घेतले, त्यात नोकरी. ऑरगॅनिकमध्ये सी आला. आणि तो जात नाही हो. कोर्स परत केला तरी मेडिकलच्या अर्जात, एएमसीएएस म्हणतात त्याला, दोन्ही ग्रेड मोजले जातात, आणि सायन्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढतात. एखादं सेमिस्टर उशिरा गेलं असतं तर काहीच बिघडलं नसतं, त्या सीने मात्र प्रत्येक इंटरव्ह्यूत माझी पाठ धरली.

म्हणून मी कळकळीने सांगते, हातातली डिग्री पूर्ण करा, मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलायच्या भानगडीत पडू नका, आणि सायन्स नंतर निवांत करा. त्यासाठी पोस्टबॅक असतं, म्हणजे डिग्रीनंतर हे सायन्सचे कोर्सेस करायचा प्रोग्रॅम, ब्रिन मॉर आणि गाउचरचे प्रोग्रॅम तर मुद्दाम सायन्स न केलेल्यांसाठीच आहेत. मला तेवढा खर्च झेपत नव्हता, मी दिवसा स्क्राइब म्हणून डॉक्टरांच्या नोट्स टाइप केल्या आणि संध्याकाळी स्टेट युनिव्हर्सिटीत एकेक कोर्स केला. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टायट्रेशन करताना ब्युरेटचा कॉक इतका हळू फिरवावा लागतो, एक थेंब, फ्लास्क हलव, परत एक थेंब, आणि फिकट, अगदी दिसेल-न दिसेल असा गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त गेला की सगळं भडक गुलाबी आणि पहिल्यापासून सुरू. मला तिथे कळलं की मी वर्षभर घाईघाईत काय करत होते.

एमकॅटचं म्हणाल तर ब्रेक धरून साडेसात तासांचा दिवस असतो, चार सेक्शन, 528 पैकी. त्यातला एक नुसता वाचून समजून घ्यायचा आणि एक, 2015 पासून आलेला, सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा, तिथे आपलं वेगळ्या विषयातलं शिक्षण खरंच कामाला येतं. आणि हिशोब करताना हे धरा की जूनमध्ये अर्ज केला तर प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे एक वर्ष मध्ये जातंच.

एच-4 वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून, असलेल्या मुलांना मात्र वेगळं सांगते. एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो, आणि खूप मेडिकल स्कूल्स सिटिझन किंवा ग्रीनकार्ड नसेल तर अर्जच घेत नाहीत, फेडरल लोनही मिळत नाही. ऑरगॅनिकला नाव घालायच्या आधी कुठली स्कूल्स घेतात ती यादी काढा. ग्रीनकार्डची रांग मुलांच्या हातात नसते, आणि हे त्यांना तिसऱ्या वर्षाला कळतं तेव्हा मला फार वाईट वाटतं, म्हणून आईबाबांनी हे आधीच बोलून ठेवायला हवं.

मी पंचविसाव्या वर्षी मेडिकलला लागले, आता तिसरं वर्ष चालूये. वर्गात माझ्याहून मोठे आहेत, एक जण आधी शाळेत शिकवायचा. बाबा हल्ली फोनवर पहिलं विचारतात, आज कुठल्या वॉर्डात होतीस. उद्या सकाळी साडेपाचला निघायचंय, सर्जरीची रोटेशन सुरू आहे. येते मंडळी, नमस्कार.